जुनी एमएक्स-5 घेताना मैल नंतर, पत्रा आधी

प्रश्न: मी मूळचा नाशिकचा, काही वर्षांपासून लेस्टरला आहे. घरची गाडी आहेच. शनिवार-रविवारच्या हौसेसाठी दोन सीटची माझदा एमएक्स-5 घ्यायची आहे. बजेट चार हजार पौंड. दोन गाड्या हेरून ठेवल्या आहेत, दोन्ही घरगुती मालकांच्या. पहिली 2003 ची 1.8, 58,000 मैल, किंमत 2,300. जाहिरातीत 'नुकतंच खालून अंडरसील (गंजरोधक काळा थर) केलं आहे' असं ठळक लिहिलंय. एमओटीच्या, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीच्या, नोंदीत 2022 ला 'दोन्ही सिलना (दाराखालच्या पट्ट्यांना) गंज' अशी सूचना होती, पुढच्या वर्षापासून ती दिसत नाही. टायमिंग बेल्ट (इंजिनातले भाग ठरल्या वेळी फिरवणारा रबरी पट्टा) बदलल्याची पावती नाही. दुसरी 2010 ची 2.0, कापडी छताची, 91,000 मैल, किंमत 3,700, सर्व्हिसच्या पावत्यांची फाइल आहे. सगळे मित्र म्हणतात, कमी चाललेली घे. बघायला जाताना नेमकं काय तपासू? आणि उद्या भारतात परतलो तर ही गाडी सोबत नेता येईल का? – एक वाचक, लेस्टर

उत्तर: आधी 2010 ची बघा. पहिली गाडी बघायचीच असेल तर ती गॅरेजच्या लिफ्टवर चढवून खालून बघता येणार असेल तरच जा, नाहीतर पेट्रोल खर्चू नका.

मित्रांचा सल्ला साध्या घरगुती गाडीला लागू पडेल. एमएक्स-5 ला तो उलटा लागतो. हिचं इंजिन फार ताणलेलं नसतं. ऑईल वेळेवर बदललं तर दीड लाख मैल सहज जातं. ही गाडी मरते ती पत्र्याने. इंग्लंडमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाण्यातून चासीच्या पोकळ भागांत शिरतं आणि आतून बाहेर खात येतं. आपल्याकडे कोकणातल्या गाडीचा गंज निदान दिसतो तरी, दाराच्या कडेला, बोनेटवर फुगतो. इथे बाहेरचा रंग चकचकीत आणि आत चाळणी, असं सर्रास असतं. आणि कमी मैल म्हणजे बऱ्याचदा वर्षातले आठ महिने झाडाखाली ओली उभी असलेली गाडी.

तुमच्या पहिल्या गाडीची कुंडली तुम्हीच पत्रात मांडली आहे. 2022 ला दोन्ही सिलना गंज, नंतर सूचना गायब, आता ताजं अंडरसील. मधे वेल्डिंग झालं असेल तर त्याची पावती आणि काम चालू असतानाचे फोटो असायला हवेत. ते नसतील तर गंजावर काळा थर चढवला आहे असंच धरून चला. थराखाली ओल कोंडली की पत्रा आणखी लवकर जातो. एमओटी करणारा तपासनीस थर खरवडून बघत नाही आणि खालची प्लास्टिकची आवरणंही काढत नाही. त्याला दिसेल तेवढंच तो लिहितो. म्हणून 'एमओटी ताजी आहे' या वाक्यावर विसंबू नका. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून सगळ्या वर्षांच्या नोंदी फुकट दिसतात. त्यातला मैलांचा चढता क्रम बघा, आणि गंज, ब्रेक पाइप, ऑईल गळती यांच्या सूचना कोणत्या वर्षी आल्या आणि कोणत्या वर्षी गेल्या ते कागदावर उतरवून घ्या. गेलेल्या प्रत्येक सूचनेमागची पावती मागायची.

पावती निघाली आणि गाडी बघायला गेलातच, तर 1998 ते 2005 च्या पिढीत (हिला सगळे एनबी म्हणतात) दोन जागा आहेत.

पहिली जागा सिलची मागची टोकं, म्हणजे दाराखालची पट्टी जिथे मागच्या चाकाच्या कमानीला भिडते तिथे. इथे सडण्याचं कारण छपरात आहे. कापडी छतावरचं पाणी मागच्या कोपऱ्यांत, सीटबेल्टच्या खांबाजवळ गोळा होतं आणि दोन नळ्यांतून खाली मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. पानं, माती, शेवाळ साचून नळी तुंबली की पाणी तिथेच साठतं, मग सिलमध्ये किंवा सीटमागच्या गालिच्याखाली उतरतं. हे तपासायला पाच मिनिटं लागतात. मालकाला विचारून छत अर्धं दुमडा, त्या कोपऱ्यातल्या खाचेत पेलाभर पाणी हळूहळू ओता आणि कोणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. चाकापुढे लगेच धार लागली तर ठीक. थेंब थेंब आलं किंवा आलंच नाही तर नळी तुंबलेली आहे. दोन्ही बाजू करा. एकच साफ असते असंही होतं. मग सीट पुढे घेऊन मागचा गालिचा तळहाताने दाबा. ओल, कुबट वास, किंवा नुकताच ड्रायर फिरवल्यासारखा कोरडा कडकपणा, तिन्ही वाईटच. (गाडी घेतल्यावर नळी साफ करताना तार खुपसू नका, नळी तळाशी निसटते आणि पाणी थेट सिलमध्ये जातं. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी वापरा.)

मग कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक सिलच्या मागच्या हातभर भागावर आणि कमानीच्या ओठावर फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी भरली आहे. नखाने टिचकी मारून आवाज ऐका. पत्र्याचा खणखणीत येतो, लांबीचा बद्द.

दुसरी जागा याहून वाईट, कारण ती सहसा कोणी बघतच नाही. रेडिएटरकडून मागे पुढच्या सबफ्रेमपर्यंत (पुढच्या चाकांची जोडणी पेलणाऱ्या चौकटीपर्यंत) जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या चासीच्या दांड्या. अपघातात बळकटी मिळावी म्हणून एनबीत इथे पत्र्याचे एकावर एक थर आहेत. त्यांच्यामध्ये ओल अडकते आणि थर फुगत जातात. वरून बोनेट उघडून काही कळत नाही, खालून प्लास्टिकचं आवरण झाकतं. लिफ्टवर आवरण काढायला लावा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दांडी ठोकत जा. पापुद्रे सुटले, मूठ दबली किंवा दांडीच्या कडा फुगलेल्या दिसल्या तर मालकाचे आभार मानून निघा. दुरुस्ती होते, तयार तुकडे मिळतात, पण भोवतीचं बरंच सामान उतरवून वेल्डिंग करावं लागतं. त्यात सिलचंही काम आलं की खर्च गाडीच्या किमतीला टेकतो. 2,300 ची गाडी 4,500 ला पडते, आणि विकताना पुन्हा 2,300 लाच जाते.

लिफ्ट कुठून आणायची? मालकाच्या घराजवळच्या एमओटी केंद्राला किंवा स्वतंत्र गॅरेजला फोन करून सांगा, विकत घेण्याआधी खालून बघायची आहे, अर्धा तास हवा. बहुतेक ठिकाणी थोडक्या पैशांत होऊन जातं. मालक 'कशाला, एमओटी आहे ना' म्हणत अडवू लागला तर उत्तर तिथेच मिळालं. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका, अगदी क्षणभरासाठीसुद्धा.

एनबीचं बाकीचं पटापट. टायमिंग बेल्टची मुदत साधारण 60,000 मैल, पण रबर वयानेही मरतं. 58,000 मैल चाललेली वीस वर्षांहून जुनी गाडी आणि पावती नाही, म्हणजे बेल्ट मूळचाच असू शकतो. तो बदलताना पाण्याचा पंप, बेल्टच्या पुल्या (टेन्शनर, आयडलर) आणि पुढची ऑईल सिलं (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) एकदमच बदलून घ्यायची, कारण ती सगळी एकाच कव्हरमागे आहेत आणि मजुरी दोनदा कशाला द्यायची. हे काही शे पौंड किमतीतून वजा धरा. बॅटरी डिकीत उजव्या कोपऱ्यात असते. तिला वायू बाहेर सोडायची नळी लागते. कोणी स्वस्तातली साधी बॅटरी बसवली असेल तर आम्लाच्या वाफेने डिकीचा तळ खाल्लेला असतो, म्हणून गालिचा उचलून बघा. क्लचच्या तेलाची बाटली बघा. तेल काळं आणि पातळी खाली असेल तर गिअरबॉक्सजवळचा, क्लच दाबणारा स्लेव्ह सिलिंडर गळत असणार. भाग स्वस्त आहे, पण रस्त्यात गेला तर पेडल तळाला जाऊन बसतं आणि गिअर पडत नाही.

आता दुसरी गाडी. 2005 ते 2015 ची पुढची पिढी, एनसी, आणि 2010 ची म्हणजे मधल्या सुधारणेनंतरची. तिच्या 2.0 इंजिनला फोर्ज्ड (घडीव) क्रँकशाफ्ट आला आणि फिरण्याची मर्यादा मिनिटाला 7,500 फेऱ्यांपर्यंत वाढली. टायमिंगला साखळी आहे, बेल्टचा प्रश्न नाही. सुमारे 160 अश्वशक्ती आणि टनाच्या थोडं वर वजन, म्हणजे गाडी चपळ आहे. पत्रा एनबीपेक्षा बरा टिकतो, पण मागच्या कमानी आणि सबफ्रेम बघायच्याच. पाण्याच्या नळ्यांची पेल्याची चाचणी इथेही करा.

या इंजिनाचा शत्रू एकच, कमी ऑईल. मालक डिपस्टिक बघतच नाहीत, पातळी खाली जाते, आणि मग लांब वळणावर जोरात रेस दिली की बेअरिंगला तेल पोचत नाही. जाताना सोबत जुना सुती कपडा न्या. सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घाला, काढा. खुणेच्या खाली असेल तर मालक कसा आहे ते समजलं. 91,000 मैलांच्या फाइलला मग फार किंमत नाही. पातळी ठीक असेल तर फाइल उघडा आणि ऑईल बदलल्याच्या तारखा वाचा. वर्षातून एकदा तरी बदललं आहे का? एखाद्या मधल्या वर्षी पावती नसेल तर जिवाला लावून घेऊ नका, पण सलग तीन वर्षं रिकामी असतील तर विचारा. कूलंटची प्लास्टिकची टाकी बघा. वयाने ती पिवळट-तपकिरी होते आणि जोडावर तडकते. जोडाशी वाळलेल्या कूलंटचे डाग दिसले तर नवी टाकी लगेच घालायची. ती महाग नाही, पण तडकली आणि लक्षात आलं नाही तर इंजिन तापून हेड जातं.

इंजिन थंड असलंच पाहिजे. फोनवर आधीच सांगा, 'मी येईपर्यंत चालू करू नका', आणि पोचल्यावर सगळ्यात आधी बोनेटवर हात ठेवा. चालू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत काय ऐकू येतं ते महत्त्वाचं. साखळीची खडखड क्षणभर येऊन थांबली तर ठीक, चालूच राहिली तर नाही. धूर कसला ते बघा: पांढरी वाफ थंडीत सगळ्याच गाड्यांना येते, निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. इंजिन गरम झाल्यावर गाडी मिसिंग करत असेल तर बहुधा एखादी इग्निशन कॉइल गेली आहे. ते काम सोपं आहे, फक्त भावात धरायचं.

या गाडीत पैसे खरे कुठे जातात ते चालवताना कळतं. एमएक्स-5 चं सगळं सुख तिच्या वळण्यात आहे आणि ते चाकांच्या कोनांवर अवलंबून आहे. कोन बदलण्यासाठी खालच्या विशबोनच्या (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्याच्या) आतल्या टोकांना विकेंद्री बोल्ट (फिरवले की दांडा सरकवणारे) आहेत. मिठाने ते बुशच्या (सांध्यातल्या रबरी खोळीच्या) आतल्या लोखंडी नळीत जाम होतात. मग अलाइनमेंटवाला पाना लावतो, बोल्ट हलत नाही, आणि तो 'जमेल तेवढं केलं' म्हणून गाडी परत देतो. बोल्ट सोडवायचा म्हणजे शेवटी कापायचा, बुश नवा, मजुरी तासांच्या हिशोबाने, आणि असे बोल्ट प्रत्येक चाकाला. म्हणून फाइलमध्ये चार चाकांच्या अलाइनमेंटचा छापील कागद शोधा. त्यावर 'आधी' आणि 'नंतर' असे दोन्ही आकडे असतात. ते वेगळे असतील तर बोल्ट हलतात याचा तो पुरावा. कागद नसेल तर टायरची आतली कड हाताने चाचपा. बाहेरून नक्षी छान आणि आतून गुळगुळीत, ही जाम बोल्टची खूण. खालून बघताना बोल्टभोवती नुसतीच तांबूस धूळ असेल तर चालेल. गंजाने बोल्ट आणि बुश एकजीव झालेले दिसले तर तीन-चारशे पौंडांची तयारी ठेवा.

टायर बघताय तर चारी एकाच कंपनीचे आणि एकाच नमुन्याचे आहेत का तेही बघा. हलकी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. पुढे एक जात आणि मागे दुसरी स्वस्त जात असली की ओल्या रस्त्यावर शेपूट सुटते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '1217' म्हणजे 2017 चा बारावा आठवडा. कमी चालणाऱ्या हौशी गाड्यांवर नक्षी शाबूत पण रबर म्हातारं झालेले टायर फार सापडतात. कायद्याची मर्यादा 1.6 मिलिमीटर असली तरी तिथपर्यंत जाऊच नका.

ब्रेकमध्ये या गाडीचा जुना रोग मागच्या कॅलिपरचा (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा). हँडब्रेकची यंत्रणा त्यातच आहे आणि ती अडकते. हँडब्रेक सात-आठ टिकटिकीनंतरच धरत असेल तर संशय घ्या. दहा-पंधरा मिनिटं चालवून आल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाही. एनसीत पुढच्या कॅलिपरच्या सरकपिनाही अडकतात, ते सफाई आणि ग्रीसचं काम आहे.

सहा गिअरची एनसी थंड असताना दुसऱ्या गिअरला जरा आडमुठेपणा करते, तेवढं चालतं. गरम झाल्यावरही तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना खरखर झाली तर सिंक्रो (गिअर जुळवणारी कडी) गेला. सपाट रस्त्यावर चौथ्यात 30 मैलांवर असताना एकदम अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग नाही, तर क्लच घसरतोय. रेडिओ बंद ठेवा. मालक मुद्दाम लावतात असं नाही, पण चाकाच्या बेअरिंगची घूंऽघूं त्यात बुडून जाते.

छत तीनदा उघडा-बंद करा. कापड दाराच्या काचेमागे, दुमडीच्या जागी आतल्या सांगाड्याला घासून फाटतं. तिथे बोट फिरवा. मागच्या काचेचा हीटर चालतो का बघा, नाहीतर नोव्हेंबरमध्ये मागचं काही दिसणार नाही. अख्खं छत बदलायला मजुरीसकट पाचशेच्या वर सहज जातात.

कागद. व्ही5सी लॉगबुकावरचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा) पत्ता आणि तुम्ही उभे आहात तो दरवाजा एकच असावा. त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी अंकन्‌अंक जुळवा. लॉगबुक म्हणजे मालकी नव्हे, नोंदणीकृत वापरकर्ता एवढंच. म्हणून गाडीवर कर्ज बाकी आहे का, विम्याने ती कधी निकालात काढली होती का, हे पैसे भरून तपासून घ्या. ऑक्टोबर 2017 पासून अशा गाड्यांना 'एस' म्हणजे सांगाड्याला इजा आणि 'एन' म्हणजे सांगाडा सोडून बाकी इजा असे शिक्के आहेत. आधीचे 'सी' आणि 'डी'. हलक्या गाडीत 'एस' असेल तर सोडून द्या. खासगी विक्रेत्याकडून घेतलेल्या गाडीला 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यातली तीस दिवसांत परत करण्याची सोय नाही, ती फक्त व्यापाऱ्याकडून घेतल्यावर. म्हणून तपासणी आधी, पैसे नंतर. चालवून बघताना तुमचा विमा लागतो, मालकाचा तुम्हाला झाकेलच असं नाही. एका दिवसाचा विमा फोनवरूनच निघतो. रस्ता कर नव्या मालकाकडे येत नाही. लॉगबुकाची हिरवी पट्टी हातात आली की तिच्यावरच्या नंबराने तिथेच उभ्या-उभ्या कर भरा, मगच किल्ली फिरवा. लंडनला जाणं-येणं असेल तर 2010 ची पेट्रोल गाडी उलेझच्या (लंडनच्या कमी प्रदूषणाच्या क्षेत्राच्या) नियमात बसते. 2003 च्या गाडीसाठी नंबर टाकून बघावं लागेल, नाही बसली तर दिवसाला 12.50 पौंड.

भाव. 2010 ची पत्र्याने आणि बोल्टने पास झाली तर 3,700 वाजवी आहे. टायर म्हातारे, टाकी तडकलेली आणि मागचे कॅलिपर अडकलेले निघाले तर 3,200 पासून बोलायला सुरुवात करा आणि तपासणीचा कागद समोर ठेवा. बजेटचे चारही हजार गाडीतच घालू नका, पहिल्या वर्षासाठी काही तरी हाताशी असावेत. दोन्ही गाड्या नापास झाल्या तर थांबा. 2016 मध्येच दहा लाखावी एमएक्स-5 हिरोशिमात तयार झाली होती. इंग्लंडात या गाड्यांचा तुटवडा नाही. ऑक्टोबर ते जानेवारीत उघड्या गाड्यांना गिऱ्हाईक कमी असतं, मालकही भावात वाकतात.

भारतात न्यायचा विचार आत्ताच सोडा. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आपल्याकडे साध्या खासगी आयातीत येऊच शकत नाही, आणि नवी नेली तरी आयातशुल्क किमतीला भिडतं. परतायच्या वर्षी ती मार्च-एप्रिलमध्ये, उन्हाळा तोंडावर असताना इथेच विका, आणि ही पावत्यांची फाइल तोवर वाढवत राहा.